आवाज बदलला तरी यंत्रच का बोलतंय? संगणकी वाचन दुरुस्त करण्याचा माझा क्रम

तक्रार नेहमी त्याच दोन शब्दांत येते: "यांत्रिक वाटतं." मग आपण आवाज बदलतो. नवा आवाज दोन दिवस गोड लागतो, तिसऱ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा दारात. मी लेख आणि पाठ संगणकाकडून मोठ्याने वाचून घेऊन त्यांच्या ऑडिओ फाइल्स तयार करतो. या फेऱ्यात बरेच महिने घालवले, पाच-सहा आवाज पालथे घातले, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी चुकीच्या टोकाला डोकं आपटत होतो. दोष बहुतेक वेळा आवाजात नसतो. आवाजाच्या पुढ्यात आपण जे वाढून ठेवतो, त्यात असतो.

'यांत्रिक' या शब्दाचा अर्थही मधल्या काळात बदललाय. पूर्वी आवाजाचा पोतच खरखरीत असायचा. १९३९ साली 'व्होडर' नावाचं यंत्र लोकांसमोर बोललं, तेव्हा ते चालवायला प्रशिक्षित माणूस लागायचा आणि तरी बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. पुढे माणसाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून बोलणारी यंत्रं आली. त्यांत पोत बरा, पण सांधे ऐकू यायचे. २०१६ साली वेव्हनेट आलं, पाठोपाठ २०१७ मध्ये टॅकोट्रॉन. ही दोन्ही न्यूरल मॉडेलं, म्हणजे माणसांची रेकॉर्डिंग्ज ऐकून स्वतः बोलायला शिकलेले प्रोग्रॅम, आणि त्यांनी पोताचा प्रश्न जवळजवळ मिटवला. टॅकोट्रॉनच्या दुसऱ्या आवृत्तीला ऐकणाऱ्यांनी पाचपैकी ४.५३ गुण दिले, खऱ्या माणसाच्या रेकॉर्डिंगला ४.५८. फरक नावापुरता. मात्र ती परीक्षा इंग्रजीतल्या सुट्या सुट्या वाक्यांची होती. वीस मिनिटांच्या सलग वाचनाची नव्हती, आणि मराठीची तर नव्हतीच.

म्हणून आज कुणी 'यांत्रिक' म्हणालं, की मी ते असं ऐकतो: गळा माणसाचा आहे, पण वाचतोय त्याला वाचतोय ते कळत नाही. हे एकदा पटलं की दुरुस्ती कुठून सुरू करायची ते आपोआप ठरतं.

सगळ्यात आधी: तोच मजकूर माणसाला द्या

काहीही सेटिंग हलवण्याआधी, ज्या मजकुराबद्दल तक्रार आहे तो छापून एखाद्याला मोठ्याने वाचायला द्या. आधी नजर टाकू देऊ नका. तो जिथे अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, श्वास संपून घुसमटेल, तिथे पेन्सिलने खूण करा. मग यंत्राचं वाचन ऐका आणि खुणा ताडून पाहा. माझ्याकडे निम्म्याहून अधिक खुणा जुळल्या. म्हणजे तिथे माणूसही अडला होता. फरक इतकाच की माणूस अडखळला की आपण त्याला माफ करतो, आणि यंत्र न अडखळता चुकीचं वाचून पुढे निघून जातं. ती बेफिकिरीच कानाला खटकते.

डोळ्यांसाठी लिहिलेलं कानाला चालत नाही, याचा माझ्याकडचा आवडता नमुना हा:

"कार्यशाळा दि. १२/३ रोजी स. १०.३० वा. सुरू होईल."

यंत्राने वाचलं: "कार्यशाळा दि. बारा भागिले तीन रोजी स. दहा पूर्णांक तीस वा! सुरू होईल." तो शेवटचा 'वा' इतक्या मनापासून आला होता की मी दोन वेळा मागे जाऊन ऐकला. 'दि.', 'स.', 'वा.' यांतल्या प्रत्येक टिंबाला यंत्राने वाक्याचा शेवट मानलं होतं, त्यामुळे एका ओळीत तीनदा स्वर खाली उतरला आणि तीनदा नव्याने उचलला गेला. आवाज कितीही महागाचा घ्या, या ओळीचं काही भलं होणार नव्हतं. ओळ अशी केली: "कार्यशाळा बारा मार्चला, सकाळी साडेदहाला सुरू होणार आहे." आवाज तोच, सेटिंग तीच. तक्रार बंद.

तेव्हा संक्षेप आणि आकडे आधी उलगडा. 'डॉ.', 'प्रा.', 'उदा.', 'इ.स.', 'कि.मी.' सगळे पूर्ण लिहा. आकड्यांचा त्रास जास्त, कारण एकच आकडा प्रसंगानुसार वेगळा वाचला जातो. १९९५ हे साल असेल तर एकोणीसशे पंच्याण्णव, आणि पानं असतील तर एक हजार नऊशे पंच्याण्णव. '२.५ तास' हे माणूस 'अडीच तास' वाचतो, यंत्र 'दोन पूर्णांक पाच तास'. '५-६ दिवस' मी 'पाच वजा सहा दिवस' असं ऐकलेलं आहे. '३रा' हा 'तीन रा' होतो. दीड, अडीच, सव्वा, पावणे ही मराठीची रोजची मापं आहेत. ती यंत्राच्या तोंडी आली की निम्मी यांत्रिकता तिथेच गळते, आणि ती आणायला अक्षरांत लिहिण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही.

फोन नंबर किंवा कोड असेल तर अंक सुटे करा आणि दर तीन-चार अंकांनंतर स्वल्पविराम द्या. सलग दहा अंक एका दमात ऐकून कुणी लिहून घेऊ शकत नाही.

आवाज मराठी, उच्चारांचे नियम भलतेच

आता मराठीची खास दुखणी. बऱ्याच इंजिनांमध्ये, म्हणजे मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, देवनागरी वाचायचे नियम मुळात हिंदीसाठी बसवलेले असतात आणि त्यांवर मराठीचं लेबल चढवलेलं असतं. नवा आवाज हाती आला की मी त्याला पहिल्यांदा हे वाक्य वाचायला लावतो:

"माझं विज्ञानाचं पुस्तक औषधासारखं जपून ठेवलं होतं, पण कृतीचा भागच कुणीतरी फाडला, आता कपाळाला हात लावण्याशिवाय काय उरलं?"

यात काय काय ऐकायचं ते सांगतो. 'विज्ञान' मध्ये 'द्न्य' येतो की 'ग्य'? 'औषध' मधला 'औ' मराठीसारखा 'अउ' असा वळतो की सपाट 'ऑ' होतो? 'कृती'ची 'क्रिती' झाली का? 'कपाळ' मधला 'ळ' खरंच ळ आहे की 'ल'वर भागवलंय? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'माझं', 'ठेवलं', 'होतं', 'उरलं' यांचे शेवट.

या शेवटांवर जरा थांबतो, कारण मराठी वाचन परकं वाटण्याचं इतकं मोठं कारण दुसरं नसेल. 'केलं', 'झालं', 'असं' यांतलं टिंब नाकातल्या उच्चारासाठी नसतं. शेवटचा 'अ' पूर्ण आणि किंचित लांबवून उच्चारायचा, एवढंच ते सांगतं. हिंदीच्या नियमांवर चालणारं यंत्र तिथे नाकात बोलतं, आणि काही तर चक्क 'केलम्' म्हणतात. बोलीभाषेतल्या मजकुरात दर चार-पाच शब्दांनी असं एक क्रियापद किंवा विशेषण येतं. पाच मिनिटांत ही चूक शंभरदा ऐकली की कान उठतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, तो 'यांत्रिक वाटतं' म्हणून मोकळा होतो.

उपाय दोन. एक, त्या इंजिनचा दुसरा मराठी आवाज किंवा दुसरं इंजिन घ्या. हा असा एक दोष आहे जिथे आवाज बदलणं खरोखर उपयोगी पडतं. दोन, ते शक्य नसेल तर मजकूर प्रमाण लेखी रूपात न्या: 'केले', 'झाले', 'असे'. भाषा थोडी पुस्तकी होते, पण उच्चार शुद्ध येतो. चुकीच्या बोलीपेक्षा नीट पुस्तकी बरं, असं माझं मत. यावर वाद घालणारे आहेत.

दुसरं दुखणं च, ज आणि झ यांचं. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. 'त्याचा' मधला 'चा' दातांकडचा, 'त्याची' मधला 'ची' टाळूचा. 'त्याचं' पुन्हा दातांकडचा आणि 'त्याचे' टाळूचा. हे आपण कधी शिकलेलो नसतो, पण कुणी चुकलं की लगेच कळतं. 'चार' हा आकडा असेल तर टाळूचा च, आणि 'गुरांना चार' (म्हणजे खाऊ घाल) म्हटलं तर दातांकडचा. 'जरा थांब' मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला वेगळा. प्रत्ययांचा गोंधळ चांगली इंजिनं आता बऱ्यापैकी सांभाळतात. 'जरा'सारख्या जोड्या मात्र अर्थ कळल्याशिवाय सुटत नाहीत. इंजिन उच्चारकोश जोडू देत असेल तर त्यात नोंद करा. फोनीम टॅग, म्हणजे उच्चार सांगणारी मजकुरातली खूण, चालत असेल तर ध्वनिलिपीत उच्चार द्या. दोन्ही नसेल तर सरळ शब्द बदला. 'जरा'च्या जागी 'वार्धक्य' लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरं, शब्दाच्या पोटात लपलेला 'अ'. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो, 'आठवणी' लिहितो आणि 'आठव्णी' म्हणतो. पण 'आठवण' एकटं आलं की तो 'व' पूर्ण उच्चारतो. यंत्राने हा 'अ' चुकीच्या जागी ठेवला किंवा गाळला की शब्दाची अक्षरं मोडतात. सर्वांत जास्त फजिती जोडशब्दांत होते, कारण शब्द कुठे जोडलाय ते यंत्राला दिसत नाही. 'जनमत' हा 'जन' अधिक 'मत' आहे हे त्याला कळलं नाही, तर ते 'जनम'चा काहीतरी भाऊबंद असल्यासारखं वाचतं. मधे जोडरेघ दिली की बहुतेकदा सुटतं: 'जन-मत'.

काही जण सुचवतात की सरळ 'कर्तो' असं उच्चाराप्रमाणेच लिहून द्या. नियमांवर चालणाऱ्या इंजिनांत, उदाहरणार्थ ईस्पीकमध्ये, ही युक्ती चालते. न्यूरल आवाजांत जपून. ते नेहमीच्या लेखनावर शिकलेले असतात, अनोळखी लेखन समोर आलं की उच्चार सुधारण्याऐवजी आख्खा शब्दच चाचरतो. एक शब्द करून पाहा, ऐका, मग ठरवा.

कवितेत हे सगळं उलटं होतं. वृत्तात बसवलेल्या ओळीत शेवटचा 'अ' उच्चारायचा असतो, यंत्र तो गद्यासारखा गिळतं आणि मात्रा कोसळते. कविता मी यंत्राला देत नाही.

जे दिसत नाही ते तपासा

मजकूर बरोबर दिसतोय आणि तरी एखाद्या शब्दावर यंत्र दर वेळी ठेचकाळतंय, असं झालं तर अक्षरांखालचे कोड बघा. दोन जागा हमखास सापडतात.

पहिली, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम. 'दु:ख' असं टाइप करताना बऱ्याच जणांचा हात इंग्रजी कोलनवर पडतो. डोळ्याला फरक कळत नाही. यंत्राला मात्र तिथे विरामचिन्ह दिसतं, आणि ते म्हणतं, "दु… ख." एका गंभीर परिच्छेदात हे सहा वेळा झालं होतं. ऐकणाऱ्याला वाटलं, आवाजाला उचकी लागलीय. शोधा-आणि-बदला करून खरा विसर्ग घाला, पण सरसकट नको. 'वेळ: सकाळी' मधला अपूर्णविराम खरा असतो. कोलनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा न सोडता देवनागरी अक्षर असेल, तेवढ्याच जागा तपासा.

दुसरी जागा माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची. वेबवरून आणलेल्या मजकुरात शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं असतात, ती काढून टाकायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. तिने काम चोख केलं. इतकं चोख की 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खास ऱ वापरून. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. ज्यांनी दुसऱ्या प्रकारे लिहिलं होतं, त्यांच्या मजकुरातला जोडक स्क्रिप्टने उडवला. डोंगर आणि दऱ्यांचं वर्णन असलेल्या लेखात ऐन डोंगरात समुद्र अवतरला. 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'दुसऱ्या' सगळे याच रांगेतले. आता माझी स्क्रिप्ट आधी असे जोडक शोधून त्यांच्या जागी ऱ घालते, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढते.

'ॲ'चंही असंच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या प्रमाणात, ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आलं. त्याआधीचा आणि जुन्या सवयीने टाइप केलेला मजकूर अ आणि चंद्र असे दोन तुकडे जोडून लिहिलेला असतो. युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणारी, हे दोन्ही एक करत नाही, ते बदल स्वतः करावे लागतात. इंजिनाला दोन्ही लेखनं ओळखता येतील असं धरून चालू नका.

आणि मराठी मजकुरात रोमन लिपीतले शब्द ठेवू नका. रोमन शब्द आला की काही इंजिनं भाषाच बदलतात, आणि वाक्याच्या मधोमध कुणीतरी दुसरंच माणूस दोन शब्द बोलून जातं.

चाल: इथे टॅगपेक्षा वाक्य कामाला येतं

उच्चार सुधारले तरी एक सपाटपणा उरतो. याचं कारण प्रशिक्षणातच आहे. एकच वाक्य माणूस दहा तऱ्हांनी म्हणू शकतो. साध्या पद्धतीने शिकवलेलं मॉडेल त्या दहांची सरासरी काढून बसतं, आणि सरासरीला कुठलाच भाव नसतो.

हातात पहिलं हत्यार येतं ते एसएसएमएल. विराम, वेग, पट्टी, जोर सांगण्यासाठीची ही खूणभाषा २००४ मध्ये प्रमाणित झाली, २०१० मध्ये तिची १.१ आवृत्ती आली. त्यातला विराम घालणारा ब्रेक टॅग खरोखर कामाचा आहे. सब टॅगही, म्हणजे 'लिहिलंय हे, पण वाच ते' असं सांगणारा. एम्फसिस (जोर) आणि पिच (पट्टी) या टॅगांवर मात्र फार विसंबू नका. अनेक न्यूरल आवाज ते निमूट गिळतात. ना चूक दाखवतात, ना फरक पडतो. आपण तासभर आकडे वरखाली करतो आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. खात्री करायची तर त्या टॅगमध्ये मुद्दाम टोकाचं मूल्य घाला. तरीही आवाज हलला नाही तर टॅग चालत नाही, सोडून द्या.

मराठीत याहून भरवशाचा उपाय वाक्यातच आहे. आपल्याकडे शब्दांचा क्रम लवचीक असतो, आणि क्रियापदाच्या लगेच आधी जे येतं त्यावर सहज भर पडतो. 'काल पत्र आलं' म्हटलं की काय आलं ते कळतं, 'पत्र काल आलं' म्हटलं की कधी आलं ते. यंत्र या जागेवर बऱ्यापैकी भर देतं, कारण त्याने ज्या माणसांचं ऐकलं ती तशीच बोलतात. जोडीला 'च', 'तर', 'ही' आहेतच. 'कालच' लिहिलं की वेगळा जोर सांगावा लागत नाही. एम्फसिसचे चार टॅग काढून दोन शब्द हलवले, आणि परिच्छेद जागा झाला, असं माझ्याकडे वारंवार होतं.

प्रश्नांकडे लक्ष द्या. 'तो का आला?' मध्ये 'का'वर जोर हवा. 'तो आला का?' मध्ये 'का' हलका आणि सूर वर. दुसरा प्रकार सपाट येत असेल तर आधी प्रश्नचिन्ह आहे ना ते पाहा, आणि प्रश्न लांबलचक असेल तर तोडा.

सर्वांत वाईट हाल एकशब्दी वाक्यांचे होतात. 'हो.' 'बरं.' 'नाही ना!' न्यूरल मॉडेलला इतके छोटे नमुने शिकताना फारसे मिळालेले नसतात, त्यामुळे ते शब्द ताणतं, कधी शेवटी विचित्र हुंकार सोडतं. संवाद वाचून घेताना मी असा शब्द पुढच्या वाक्याला स्वल्पविरामाने जोडतो. तो सुटाच हवा असेल तर जोडून तयार करतो आणि नंतर कापून घेतो.

वेगाबद्दल एक गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो: हळू केलं की नैसर्गिक वाटेल. माणूस हळू बोलतो तेव्हा स्वर लांबवतो आणि विराम वाढवतो. क, ट, प यांसारख्या व्यंजनांचे स्फोट तेवढेच झटपट राहतात. यंत्राला नुसतं हळू केलं की बरेचदा सगळंच रबरासारखं ताणलं जातं, आणि बोलणारा गुंगीत असल्यासारखा वाटतो. वेग तसाच ठेवा, विराम वाढवा. मी वाक्यानंतर साधारण अर्धा सेकंद आणि परिच्छेदानंतर एक सेकंद धरतो. पण ठोक्याने नाही. प्रत्येक विराम पन्नास-शंभर मिलिसेकंदांनी इकडेतिकडे करतो. सगळे विराम तंतोतंत सारखे असले की कान ते मोजायला लागतो.

तुकडे जोडताना होणारा घात

बहुतेक जण लेख वाक्यावाक्यांत तोडतात, प्रत्येकाची वेगळी फाइल करतात आणि शेवटी जोडतात. दुरुस्तीला सोपं पडतं म्हणून मीही हेच करायचो. सुटी वाक्यं ऐकली तर एकेक मोत्यासारखं. जोडून ऐकलं की बातम्यांचे मथळे. एकामागून एक, सगळे त्याच उंचीवर सुरू होणारे आणि त्याच पायरीवर संपणारे.

कारण असं. बोलताना वाक्याच्या सुरुवातीला सूर वर असतो आणि शेवटाकडे हळूहळू उतरतो. पण माणूस परिच्छेद बोलताना पहिलं वाक्य जरा जास्त उंचीवरून सुरू करतो, मधली वाक्यं खालून उचलतो, आणि शेवटचं खोल नेऊन ठेवतो. यंत्राला वाक्य एकटंच दिलं तर ते परिच्छेदातलं कितवं हे त्याला माहीत नसतं. ते प्रत्येक वाक्याला पहिलंही मानतं आणि शेवटचंही.

म्हणून तोडायचं तर परिच्छेदावर तोडा. इंजिनच्या अक्षरमर्यादेत परिच्छेद बसत नसेल तर अर्थ जिथे वळतो तिथे तोडा, निव्वळ टिंब आलं म्हणून नको. आणि एखादं वाक्य बिघडलं तर ते एकटं पुन्हा तयार करण्याऐवजी आधीचं आणि नंतरचं वाक्य धरून करा, मग मधलं उचला. जुन्या घडणीच्या मॉडेलांत याची दुसरी बाजूही आहे. टॅकोट्रॉनसारखी मॉडेलं फार लांब मजकुरात शब्द गाळतात किंवा तोच शब्द पुन्हा म्हणतात. तिथे मध्यम लांबी शोधावी लागते.

जोडताना आणखी एक बारीक गोष्ट. दोन तुकड्यांमध्ये आपण शांतता म्हणून जे घालतो ते डिजिटल शून्य असतं. खऱ्या खोलीत पूर्ण शून्य कधीच नसतं. हेडफोनवर ऐकताना प्रत्येक विरामात कुणीतरी माइक बंद करून पुन्हा चालू करतंय असं वाटतं. त्याऐवजी खोलीचा अगदी क्षीण आवाज, साधारण उणे साठ डेसिबलच्या आसपास, सबंध फाइलखाली अंथरा. तो कुणाला ऐकू येणार नाही, पण सांधे बुजतात.

आणि आवाज बारीक, किंचित घाईचा, 'लहान मुलासारखा' वाटत असेल तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी नमुनादर (सॅम्पल रेट), म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने साठवलेत तो आकडा, तपासा. २२,०५० हर्ट्झची फाइल कुठेतरी २४,००० समजून वाजवली गेली, तर वेग आणि पट्टी दोन्ही सुमारे नऊ टक्क्यांनी वर जातात. नऊ टक्के म्हणजे चूक आहे असं लगेच कळत नाही, नुसतं काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. यात माझी एक आख्खी संध्याकाळ गेली, आवाज निवडणाऱ्याला नावं ठेवण्यात. फोनवरून ऐकवायचं असेल तर वेगळीच मर्यादा येते. जुन्या टेलिफोन वाहिनीतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच जातं, त्यामुळे 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात. तिथे पोताची मेहनत वाया जाते, शब्द निवडताना काळजी घ्या.

मॉडेल स्वतःच्या मशीनवर चालवत असाल तर

पायपर या इंजिनासारख्या, व्हिट्स नावाच्या मॉडेलच्या घडणीच्या आवाजांत तीन आकडे हाताशी असतात. लेंग्थ स्केल मुळात १ असतो, वाढवला की वाचन संथ होतं. आवाजात किती फरक पडू द्यायचा ते सांगणारा नॉइज स्केल ०.६६७ आणि ध्वनींच्या लांबीत किती फरक पडू द्यायचा ते सांगणारा नॉइज डब्ल्यू ०.८ हे नेहमीचे. नॉइज डब्ल्यू शून्याकडे नेला की ताल घड्याळासारखा होतो. फार वाढवला की बोलणारा प्यायल्यासारखा. हे आवाज प्रत्येक वेळी थोडं वेगळं म्हणतात, तेव्हा एखादं वाक्य बिघडलं तर काहीही न बदलता दोनदा पुन्हा तयार करा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

आवाज स्वतः शिकवत असाल तर रेकॉर्डिंगच्या शेवटी उरलेली वेडीवाकडी शांतता आधी कापा, आणि लिहिलेलं व बोललेलं शब्दन् शब्द जुळतंय ना ते पाहा. लिहिलंय 'केले' आणि वाचणाऱ्याने सवयीने म्हटलंय 'केलं', अशी शंभर वाक्यं आत गेली की मॉडेल दोन्हींच्या मधलं काहीतरी शिकतं.

किती नैसर्गिक हवं?

श्वास, 'अं', मधेच अडखळणं हे सगळं घालता येतं. मी घालून पाहिलं. दोन मिनिटांच्या नमुन्यात लोक खूश झाले, वीस मिनिटांच्या पाठात वैतागले. माणसाचं 'अं' विचार करताना येतं, यंत्राचं काहीच विचार न करता. ते सोंग लवकर उघडं पडतं. श्वास मात्र परिच्छेदांच्या मधे, अगदी हलका, चालतो.

माझा एक मित्र दृष्टिहीन आहे, दिवसभर पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. त्याला मी मोठ्या अभिमानाने नवा मखमली आवाज ऐकवला. त्याने पाच सेकंदांत बंद केला. त्याला ईस्पीकचा तोच खडखडीत आवाज हवा असतो, आपल्याला एक शब्द कळणार नाही इतक्या वेगात, कारण त्या वेगातही त्याचं प्रत्येक व्यंजन जागेवर राहतं. ऐकणारा कोण आहे ते न विचारता 'नैसर्गिक' करायला निघणं ही माझी जुनी खोड.

दुरुस्त केलेलं पुन्हा का बिघडतं

हा रोग उलटतो तो इथून. आपण मूळ मजकुरातच 'जन-मत', 'साडेदहाला', 'कर्तो' असं भरून ठेवतो. तीन महिन्यांनी इंजिन सुधारतं, जोडशब्द स्वतःच नीट ओळखायला लागतं, आणि आपली जोडरेघ आता नसता विराम बनते. शिवाय तो मजकूर छापायचा झाला तर सगळं उलट उपसावं लागतं.

मूळ मजकुराला हात लावू नका. दुरुस्त्यांची वेगळी यादी ठेवा. माझी यादी एका साध्या तक्त्यात आहे: मूळ शब्द, यंत्राला द्यायचं रूप, कुठल्या आवाजासाठी, आणि कधी टाकलं. ऑडिओ करण्याआधी स्क्रिप्ट ही यादी मजकुराच्या प्रतीवर चालवते. बाजूला बारा वाक्यांची एक फाइल आहे. त्यात वरचं विज्ञानाच्या पुस्तकाचं वाक्य आहे, दऱ्या आहेत, 'दुःख' आहे, दोन्ही 'का' आहेत, एक एकटा 'हो.' आहे. इंजिन बदललं किंवा अद्ययावत झालं की आधी ही बारा वाक्यं यादी लावून आणि यादी न लावता, दोन्ही प्रकारे ऐकतो. जिथे यादीशिवायच बरं येतं ती नोंद खोडतो. मागच्या वेळी अशा अकरा नोंदी गेल्या. 'वा.'ची नोंद मात्र अजून आहे.

आणि हे ऐकणं त्याच रात्री करू नका. दिवसभर तोच आवाज ऐकलेल्या कानाला सगळंच बरं वाटतं. सकाळी, स्क्रीन बंद करून, हातात दुसरं काहीतरी काम घेऊन ऐका, आणि लक्ष उडालं की घड्याळात पाहून मिनिट-सेकंद टिपून ठेवा. दुपारी त्या जागा उघडा.